दगडूचं ऊन

दिवाळी उलटून थंडी पडली, की जळगावच्या हवेत दोन वास उतरतात. एक कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर भाजल्या जाणाऱ्या वांग्यांचा, आणि दुसरा उन्हात टाकलेल्या गोधड्यांचा. यंदा त्यांच्या जोडीला एक बातमी आली. माझं रक्त तपासलं आणि नात म्हणाली, "आजी, तुझं व्हिटॅमिन डी फार कमी आहे. रोज सकाळी गच्चीवर उन्हात बसायचं." मी तिच्याकडे नीट पाहून घेतलं. ही पोर घराबाहेर पडताना तोंडाला ओढणी गुंडाळते, हातांत मोजे चढवते, आणि मला ऊन सांगते! संशय मला लवकर येतो, हे आधीच सांगून ठेवते. रक्त माझंच होतं ना? की कुठल्या दुसऱ्याच बाईच्या नळीशी अदलाबदल झाली? आणि या गोळ्या विकणाऱ्याचा नि तपासणाऱ्याचा काही घरोबा तर नाही?

"अगं, जळगावात उन्हाचा तोटा?" मी म्हटलं. "इथं वैशाखात पत्र्यावर पापड भाजून निघतात."

"ऊन गावात असून काय उपयोग, अंगाला लागायला हवं," नात म्हणाली. मग तिनं मला समजावलं. नुसत्या हाडांचाच प्रश्न नाही म्हणे. अंगात शिरणाऱ्या रोगाशी झुंजणारी जी फौज असते, तिलाही हे लागतं. ते कमी पडलं की पहारेकरी दारावर असून पेंगत असतो, आणि येईल तो आजार घरात शिरतो. म्हणून तुला दर पंधरा दिवसांनी सर्दी-खोकला होतोय, असं ती म्हणाली.

मी हसायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. हे मी आधी ऐकलेलं होतं. तेव्हा सांगणारा वेगळा होता, आणि हसणारे आम्ही सगळे घरचे होतो.

तो हिवाळा जळगावाजवळच्या असोद्याचा, माझ्या सासरचा. महाराष्ट्र अजून व्हायचा होता, मुंबई राज्यच म्हणायचे. मी त्या घरातली धाकटी सून, लग्नाला फार दिवस झालेले नव्हते, पण 'अजून काही नाही का?' असं बायका विचारू लागतील इतके नक्की झाले होते. माहेर साक्रीचं. साक्री म्हटलं की इकडच्या बायका एकमेकींकडे पाहायच्या. डोंगराकडचा मुलूख, जंगल, तिकडच्या बायकांना काय काय येतं, असा एक समज. त्यात माझे डोळे घारे. लांबची, घाऱ्या डोळ्यांची आणि मूल नसलेली. संशय घ्यायला माणसाला याहून जास्त काय लागतं?

घर धाब्याचं, मातीच्या सपाट छपराचं. भिंती हातभर रुंद, उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात उबदार, पण उजेडाचं नाव नाही. सर्वांत आतल्या खोलीला खिडकीच नव्हती, धाब्याला एक झरोका तेवढा होता, आणि त्यावर पोतं अंथरलेलं. त्या खोलीत माझी थोरली जाऊ, अक्का, आणि तिचा मुलगा राहायचा. त्याला दीड वर्षाचं व्हायला थोडंच कमी होतं. अक्काची आधीची दोन्ही मुलं गेलेली. म्हणून याचं नाव दगडू ठेवलं, म्हणजे देवाला हेवा वाटू नये. नाक टोचलं. भाकरीच्या तुकड्यावर शेजारणीला विकून परत घेतला. चार घरांतून मागून आणलेले जुनेर कपडे घातले. एवढ्यावर सगळं थांबतं, तर ठीक होतं.

पण आमच्या सासूबाईंच्या, आत्यांच्या, डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती. इतर घरांत पोराला तेल चोपडून ओट्यावर कोवळ्या उन्हात टाकतात. अक्काच्या आधीच्या दोघांनाही असंच टाकलं होतं, आणि येणाऱ्याजाणाऱ्याची नजर लागून ती गेली. झालं, दगडूला ओटा बंद. अंगण बंद. त्याला कोणी पाहायचं नाही. ज्या उन्हानं त्याला धरून ठेवलं असतं, ते आम्ही नजरेच्या भीतीनं बाहेर ठेवलं. तेव्हा हे कोणाला कळत होतं! मलाही नव्हतं.

"घाऱ्या डोयाची हाये ती," आत्या अक्काला सांगत, मी दोन हातांवर भाकरी थापत असताना, मला ऐकू जाईल अशा बेतानं. "खोलीकडे फिरकू देऊ नको तिले."

एका घरात राहून मी त्या मुलाला पाहिलेलं नव्हतं. फक्त ऐकलं होतं. त्याचा खोकला मला तोंडपाठ झाला होता. सकाळचा कोरडा, संध्याकाळचा घरघरणारा, आणि ताप चढायच्या आधीचा एक बारीक, कुंथल्यासारखा. घरात कोणाला शिंक आली की आमची शिंक विरून जायची आणि त्याच्या छातीत मुक्कामाला बसायची. मग आत्या मीठ-मोहरी आणि लाल मिरच्या घेऊन आत जायच्या, त्याच्यावरून ओवाळून निखाऱ्यावर टाकायच्या. मिरचीचा ठसका आला तर नजर नाही, ठसका नाही आला तर नजर, असा नियम. बंद खोलीत धूर कोंडायचा, पोर खोकून खोकून निळं पडायचं, पण आत्यांना ठसका नाही आला म्हणजे नजर धरली जायची. आणि मग दाराच्या फटीतून त्यांचे डोळे मला शोधायचे.

सारखं कोणी आपल्याकडे तसं पाहायला लागलं, की माणूस स्वतःही पाहायला लागतो. मी आरशात माझे डोळे तपासायची. दूध नासलं की वाटायचं, आपण पाहिलं होतं का त्याच्याकडे? दुसरीकडे, माझाही त्यांच्यावर संशय होताच. पोर खरंच आहे ना आत? की काही वेडंवाकडं आहे आणि ते लपवण्यासाठी नजरेचं निमित्त केलंय? अक्का दिवसेंदिवस पांढरी पडत चालली होती, जमिनीवर हात टेकून उठायची. मला वाटायचं, हिला काहीतरी माहीत आहे आणि ही सांगत नाही. त्या हिवाळ्यात आमच्या घरात कोणी कोणाकडे सरळ पाहत नव्हतं.

बाहेर मात्र काय दिवस होते! केळीच्या बागांना पाणी सुटलेलं, पाटातल्या ओल्या मातीचा वास, शेतात कापूस फुटून पांढरा झालेला. नशिराबादेहून पाहुणे आले की शेतात भरिताचा बेत ठरायचा. वांगी पऱ्हाट्यांवर टाकायची, साल तडतडून काळं पडलं की सोलून लाकडी बडगीत ठेचायची, वर हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, आणि सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. लोक हात चाटत हसायचे. मी ते भरीत घरी घेऊन यायची तेव्हा अंधाऱ्या खोलीच्या दाराशी ताटली ठेवून मागे व्हायची. आतून अक्काचा हात यायचा आणि ताटली घेऊन जायचा.

दिवाळीला माहेरी गेले तेव्हा आईला सगळं सांगितलं आणि रडले. आई तिकडचीच, तिनं माझी हनुवटी वर केली आणि म्हणाली, "तुना डोया मनी मायना शेतस. तिनी बठ्ठा गावना बायतपनं कयात, कोनले नजर लागनी नही." माझ्या आजीनं याच घाऱ्या डोळ्यांनी सगळ्या गावाची बाळंतपणं केली होती. त्या आठवड्याच्या बाजारात डोंगरातल्या बायका मोहाची वाळकी फुलं नि डिंक घेऊन बसल्या होत्या. त्यांच्या पाठीवर बांधलेली पोरं उघडी, काळी, तुकतुकीत, भर उन्हात झोपलेली. त्यांच्याकडे तर सगळा बाजार पाहत होता. मी तिथं उभी राहिले आणि पहिल्यांदा माझ्या मनात आत्यांच्या नियमाबद्दल शंका आली.

परत आले तर दगडू फार आजारी. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. अक्कालाही ताप. थोरल्या भाऊजींनी छकडा जुंपला आणि आत्यांच्या विरोधाला न जुमानता म्हणाले, "जयगावले नेतो त्याले. कमलले संगं घेतो. डाक्टरशी बोलाले शिकेल बाई पाह्यजे." कमल म्हणजे मी. आत्यांनी माझा पदर हनुवटीपर्यंत ओढला. पोर गोधडीत, मी पदरात, आणि छकडा सकाळच्या लख्ख उन्हातून चाललेला. आम्हा दोघांना ते ऊन दिसत नव्हतं.

डॉक्टर म्हातारे होते, तोंडानं फटकळ. त्यांनी गोधडी सोडवली आणि माझ्यावर ओरडले, "अहो बाई, तोंड काय झाकून घेतलंय? इकडे पाहा! पाहा याचे पाय!"

मी पदर मागे केला आणि पाहिलं. कपाळ मोठं, चौकोनी. मनगटं फुगलेली. पाय कंसासारखे वाकलेले. डोकं घामानं चिंब, थंडीचे दिवस असताना. नाव दगडू, आणि हाडं दाबली तर दबतील असं वाटण्यासारखी. त्यानं माझ्याकडे पाहिलं, उजेडानं डोळे बारीक केले, आणि शिंकला.

"मुडदूस," डॉक्टर म्हणाले. "याला ऊन मिळालेलं नाही. ऊन अंगाला लागलं की आपलं शरीर एक जीवनसत्त्व तयार करतं, ते याच्यात नाही. नुसती हाडं मऊ झालीत असं समजू नका. या मुलांना छातीचे आजार सोडत नाहीत. तुम्हाला शिंक येऊन जाते, हा मरेल. रोज सकाळी उघडा करून उन्हात ठेवा. हा हिवाळा असाच अंधारात काढलात तर पुढचा हिवाळा हा पाहणार नाही." वर माशाच्या तेलाची बाटली दिली.

"डाक्टर, ऊन?" भाऊजी हसले, पण रडल्यासारखे. "आमच्याकडे उन्हायात दगडं फुटता. उन्हाचा काय तोटा आमाले?"

घरी हे सांगितलं तेव्हा सगळेच हसले. ऊन औषध असतं तर खान्देशात कोणी मेलंच नसतं, असं कोणीतरी म्हणालं. बाटलीवर माशाचं चित्र पाहून आत्यांनी ती घरात येऊच दिली नाही, आमचं घर माळकरी. ती गोठ्याच्या कोनाड्यात राहिली आणि शेवटी ते तेल बैलाच्या सोललेल्या खांद्याला लागलं. बैल त्या वर्षी फार छान दिसत होता, असं मी पुढं कधी म्हटलं की आमचे हे चिडायचे.

दुसऱ्या दिवशी दगडूचा ताप आणखी चढला. आदल्या दिवशी मी त्याला पाहिलं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. आता पुराव्याची गरजच उरली नाही. "हिले साक्रीले पोचतं करा," आत्या म्हणाल्या. डॉक्टरांचं ऊन कोणाच्या लक्षातही राहिलं नाही. मी दोनदा म्हटलं, निदान झरोक्यावरचं पोतं तरी काढा, तर मलाच विचारलं, तुला का एवढी घाई पोराला उघडं करायची? मनात एकच भीती होती. मी जाईन साक्रीला, पण हे पोर त्या खोलीतच जाईल.

मला पोचवायला माणूस मिळेपर्यंत मी कापूस वेचायला जाऊ लागले. घरापेक्षा शेत बरं. सकाळचं दव वाळलं की कमरेला ओटी बांधायची आणि एका ओळीला लागायचं. बोंडाच्या वाळक्या टोकांनी बोटं सोलून निघायची. पण पाठीवर ऊन असायचं आणि आजूबाजूला संशयानं पाहणारं कोणी नसायचं.

एका सकाळी मी वेचलेला कापूस बांधावरच्या ढिगात रिकामा करत होते. वर पाहिलं तर अक्का. इतक्या महिन्यांत घराबाहेर पडलेली मी तिला पाहिलीच नव्हती. उन्हात ती मेणासारखी दिसत होती. छातीशी गोधडी, आणि तोंडावर पदर ओढलेला, जसा माझ्यावर ओढला होता अगदी तसा.

"घे याले," ती म्हणाली.

मी मागे सरले. खरं सांगते, मला वाटलं हा डाव आहे. पोराचं आता काही खरं नाही, ते माझ्या मांडीवर जावं आणि नाव माझ्यावर यावं, म्हणून हे चाललंय. "अक्का, माझी नजर वाईट आहे ना?" मी म्हटलं.

"तुही नजर कशी लागंन?" ती म्हणाली. "डाक्टरकडे जायपर्यंत तू त्याले पायलंच नही. कोनीच पायलं नही. तरी तो वायत गेला, वायत गेला. येवढे महिने त्याच्याकडे पायनारं त्या खोलीत एकच मानूस व्हतं." तिनं पदर आणखी खाली ओढला. "मी. रातदिवस डोये लावून बसेल. आधीच्या दोघांकडेबी मीच पाहे. मायची नजर लागते कमल, समद्यांत वाईट मायचीच लागते. मी आता पायनार नही त्याच्याकडे. तू पाह्य."

आणि तिनं गोधडी माझ्या हातांत दिली, पाठ फिरवली, आणि ओटी बांधून कापूस वेचायला लागली.

मला काय वाटलं ते आजही नीट सांगता येत नाही. घरभर फिरून थकलेला तो संशय शेवटी तिच्याच अंगावर जाऊन बसला होता. मी पटकन दगडूचे कपडे काढले, कारण ती उद्या काय म्हणेल याचा भरवसा नव्हता. कापसाच्या ढिगात खळगा करून त्याला उघडा ठेवला. तो रडला. डोळे मिटून घेतले. मग हळूहळू एक डोळा उघडून त्यानं ते पांढरं, उबदार काहीतरी मुठीत धरलं.

दुसऱ्या दिवशी ती परत आली. त्यानंतर आत्यांच्या ओरडण्याला न जुमानता रोज यायला लागली. मी घरून तेलाची वाटी न्यायची, त्याला चोळायची आणि उन्हात ठेवायची. अक्का पाठमोरी कापूस वेचायची आणि विचारायची.

"डोये उघडले का?"

"उघडले."

"हसते का?"

"आज नाही हसला. उद्या हसेल."

"पाय?"

"पाय हलवतोय, अक्का."

मला साक्रीला पोचवायची गोष्ट मागे पडली, कारण पोर माझ्याशिवाय कोणाकडे राहत नव्हतं. त्याचा रंग हळूहळू तांबूस-काळा व्हायला लागला. खोकला एकदम गेला नाही. जायचा, परत यायचा, पण आता मुक्कामाला राहत नव्हता. संक्रांतीच्या सुमाराला घरातल्या सगळ्यांना सर्दी झाली आणि त्याला नुसत्या दोन शिंका आल्या, तेव्हा मी शेतात एकटीच हसले.

घरात याचा अर्थ ज्यानं त्यानं आपल्या सोयीनं लावला. आत्या म्हणाल्या, नजर पालटली म्हणून पोर वाचलं, घारे डोळे उलटे लागू पडले. बायका आपापली पोरं माझ्यासमोर आणून धरायला लागल्या, आणि मला त्यांच्या या नव्या विश्वासाचाही संशय यायला लागला. उन्हाचं नाव कोणी घेईना. अक्काला मात्र मी सांगितलं. पुन्हा पुन्हा सांगितलं, की अक्का, तुमची नजर नव्हती हो, त्याला ऊन हवं होतं, डॉक्टर म्हणाले तेच खरं. ती शांतपणे ऐकायची आणि म्हणायची, "ऊन तं त्या दोघांच्या येळीबी व्हतं." दुसऱ्यावरचा संशय कधीतरी निघतो. स्वतःवरचा तिचा निघाला नाही, आयुष्यभर नाही.

काल गच्चीवर मी उन्हाकडे पाठ करून बसले होते, नातीच्या हुकमावरून, तेवढ्यात दगडू आला. आता तोही आजोबा झालाय. असोद्याहून दर हिवाळ्यात वांगी आणून देतो, आमची ती हिरवी, पांढऱ्या रेघांची. चालताना पाय अजून किंचित बाहेर फाकतात. अक्का जाऊन कितीतरी वर्षं झाली. पिशवी ठेवून तो उभ्या उभ्याच म्हणाला, "काकू, या वयात मनात येऊ नये ते येते. माय माह्याकडे कधी सरळ पाहेच नही. मी समोर आलो का तिची मान खाली. जेवाले वाढे तं खाली पाहून वाढे. माह्यं लगीन झालं तवाबी बाजूले तोंड करून उभी व्हती. मी काही केलं व्हतं का तिचं? का मी तिले नकोसाच व्हतो?"

इतकी वर्षं हा माणूस हा संशय घेऊन वावरत होता. मी त्याला शेत सांगितलं, कापसाचा ढीग सांगितला, आणि मग ती रथसप्तमी सांगितली.

त्या सकाळी अंगणात गोवऱ्या पेटवून बोळक्यात दूध उतू घालायला ठेवलं होतं, सूर्याकडे तोंड करून. ऊन कोवळं, आडवं. आणि माझं बोट धरून बसलेला दगडू एकाएकी उभा राहिला. वाकड्या पायांवर, लटपटत, पण आपल्या पायांवर. आत्या ओरडल्या, भाऊजी धावत बाहेर आले, आमचे हे पाटावरून पळत आले. दूध उतू गेलं तिकडे कोणाचं लक्षच नव्हतं. अक्का मात्र पलीकडे, सूर्याकडे नि पोराकडे पाठ करून, मान खाली घालून उभी होती.

मला तिचा राग आला. मी म्हटलं, "अक्का, आज तरी बघा ना हो त्याच्याकडे एकदा!"

"पायते न," ती म्हणाली.

"कुठं?"

तिनं जमिनीकडे बोट केलं. आडव्या उन्हात दगडूची सावली अंगणभर लांब होऊन तिच्या पावलांशेजारी जाऊन पडली होती. सावली लटपटत होती. अक्का खाली वाकली आणि त्या सावलीच्या डोक्यावरून तिनं हात फिरवला, मातीवरून. "सावलीले नजर लागत नही," ती म्हणाली. तिचे डोळे भरून वाहत होते.

"तुझ्या लग्नातही सकाळचं ऊन होतं," मी दगडूला म्हटलं. "ती बाजूला पाहत होती ना? तुझी सावली त्याच बाजूला पडली असेल."

गच्चीवरचं ऊन दगडूच्या पाठीवर होतं. मान खाली घालून तो फरशीवर पडलेल्या आपल्या सावलीकडे पाहत कितीतरी वेळ उभा राहिला, आणि मी त्याला खाली बस म्हटलं नाही.